आतेसासूबाईंचा घेवडा

माझ्या आतेसासूबाईंनी मला उद्देशून काढलेला पहिला उद्गार म्हणजे, "श्वास घेऊ नका!"

लग्न ठरवताना लोक मुलाचं शिक्षण विचारतात, नोकरी विचारतात, फार तर पितो का विचारतात. माझ्या बाबतीत थेट श्वासावरच हरकत निघाली. माझी तेव्हाची होणारी बायको म्हणाली होती, "आईबाबांचं काही नाही रे, ते कुणालाही हो म्हणतील. तुला पास-नापास करणार ती आत्या." म्हणून आम्ही आत्या काम करायच्या त्या संशोधन संस्थेत गेलो. एका लांबलचक बोळाच्या टोकाला लोखंडी दार होतं, जाडीला बँकेच्या तिजोरीचा सख्खा भाऊ. बायकोने ते ढकललं आणि आतून असा लख्ख पांढरा उजेड अंगावर आला की मला वाटलं, आपण लग्नाआधीच वारलो आणि थेट स्वर्गात पोचलो. मग तो आवाज आला आणि स्वर्गाबद्दलचा गैरसमज दूर झाला.

"श्वास घेऊ नका! कोण आहे हा? आधी बाहेर सोडून या!"

"काय सोडून येऊ?"

"श्वास! दुसरं काय, चपला?"

मी श्वास धरला. किती वेळ धरला देव जाणे. आधी मी लाल झालो, मग जांभळा, मग जांभळ्याच्याही पलीकडच्या, ज्याला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही अशा रंगाचा. माझ्या डोळ्यांपुढे बालपण, शाळा, मुंज न झाल्याबद्दल रागावलेले आजोबा असं सगळं सरकून गेलं. समोर पांढरा डगला घातलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या एक ठेंगण्या बाई एका पानाला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं काहीतरी लावून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. रंग बदलणारी पानं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. जावई पहिलाच असावा.

"सांगितल्यावर धरला म्हणजे ऐकतो," त्या भाचीला म्हणाल्या. "कर लग्न. आता दोघं बाहेर व्हा."

अशा रीतीने मी पास झालो.

आत्यांचं काम थोडक्यात सांगतो. उजेडात झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड खातात आणि त्यातून स्वतःचं अंग घडवतात, हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की तो विषय झाडांवर सोपवून मोकळे होतो. आत्या मोकळ्या झाल्या नाहीत. झाड किती खातं आणि खाल्लेलं अंगी किती लागतं, हे मोजण्यात त्यांचा जन्म गेला. तो चिमटा पानाला लावायचा, त्याच्या नळीतून हवा जायची, आणि पानाने त्यातलं किती खाल्लं ते यंत्राच्या पडद्यावर उमटायचं. आता पंचाईत अशी, की झाड जे खातं नेमकं तेच माणूस नाकातोंडातून बाहेर टाकतो. म्हणजे त्या खोलीत कुणी नुसता उसासा टाकला तरी झाडाच्या पानात चोरून जास्तीचं वाढल्यासारखं. म्हणून आत्या मोजमाप पहाटे दार उघडल्या उघडल्या करायच्या, कुणी तोंड उघडायच्या आत. दिवसभरात त्या गप्प असायच्या त्या तेवढ्याच वेळात.

बाकीचा वेळ त्या रागावलेल्या असायच्या. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. काही माणसं उंच असतात, काही डावखुरी असतात, आत्या रागावलेल्या असायच्या. दिव्यांवर रागवायच्या, वीजवाल्यांवर रागवायच्या, शास्त्रज्ञांच्या अख्ख्या तरुण पिढीवर "यांना कुंडी आणि कप यातला फरक कळत नाही" म्हणून रागवायच्या. आत्यांचे यजमान एका कानाने अधू होते. त्यांचा संसार त्या कानावर सुखाने चालला होता. संस्थेत आत्यांना माघारी 'भोंगा' म्हणत. आत्यांना ते माहीत होतं. "भोंगा निदान वेळेवर वाजतो," त्या म्हणायच्या, "तुमचे संचालक तर तेही नाहीत."

संचालक म्हणजे आत्यांच्या रागाचं माहेरघर. हा गृहस्थ गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्या माणसाकडे आत्या झाडावर कीड दिसल्यासारख्या बघायच्या. आत्यांच्या ताब्यात दोन जुळ्या खोल्या होत्या. बिनखिडकीच्या, छतभर दिवे, ऊन आणि थंडी दोन्ही बटणावर. दोन्हीकडे उजेड तोच, ओलावा तोच, पाणी तेवढंच. ताज्या हवेसाठी मात्र दोन्ही खोल्यांना वर एकेक झरोका होता, आणि झरोक्यांच्या बरोब्बर खाली संचालकांची गाडी उभी राहायची. ड्रायव्हर आत गारवा राहावा म्हणून इंजिन चालूच ठेवायचा. आत्यांनी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, गाडीला पाठ लावून उभं राहून पाहिलं. शेवटी शिडी मागवली आणि दोन्ही झरोके स्वतःच्या हाताने रबराने बुजवून टाकले.

"संचालकांचा धूर माझ्या घेवड्याने का खावा?"

घेवडा हे आत्यांचं अपत्य. दोन जातींचा संकर करून त्यांनी तो स्वतः काढला होता, आणि त्यांचं म्हणणं असं की तो कमी उजेडात साध्या घेवड्यापेक्षा जास्त वाढतो. जिथे सावली असते, जिथे दोन भिंतींमधून तिरीप येते तेवढीच, तिथेही शेंग धरेल असा. तो मान्य झाला असता तर आत्यांच्या जन्माचं सार्थक झालं असतं, आणि नसता झाला तर दोन खोल्या आणि आत्या दोघांचीही संस्थेला गरज उरली नसती. हे संचालकांनी गोड आवाजात सांगितलं होतं.

सुरुवातीला दोन्ही खोल्यांत दोन्ही घेवडे अर्धे-अर्धे होते. शहाणा माणूस असंच ठेवतो, म्हणजे खोलीचा गुण घेवड्याच्या नावावर जात नाही. पण दुसऱ्या खोलीचा कारभार बघायचे आत्यांचे जुने मदतनीस, निवृत्तीला टेकलेले, टक्कल पडलेले, आत्यांच्या धाकाने बोलणंच सोडून दिलेले. त्यांना सगळे मौनीबाबा म्हणत. एक दिवस आत्यांनी मौनीबाबांना त्या खोलीत उकिडवं बसून डबा खाताना पकडलं. जो स्फोट झाला त्याचे पडसाद म्हणे हिशेब विभागापर्यंत गेले.

"ज्याला डबा कुठे खावा ते कळत नाही, त्याच्या हाती मी माझा घेवडा देऊ?"

आणि त्याच दुपारी आत्यांनी आपला सगळा घेवडा उचलून आपल्या खोलीत आणला आणि साधा घेवडा सगळाच्या सगळा मौनीबाबांच्या खोलीत लोटला. रागाच्या भरात. तेव्हापासून मौनीबाबा श्वास धरून आत जायचे, पाणी घालायचे आणि बाहेर येऊन मगच श्वास सोडायचे. आत्या मात्र आपल्या खोलीत टेबल टाकून दिवसभर मुक्कामाला. तिथूनच फोनवर भांडायच्या, तिथूनच घेवड्याशी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे काय, "वाढ की मेल्या! काय बघतोस? तुझ्या बापाने तरी एवढा उजेड पाहिला होता का?"

घेवडा वाढायचा. पीक पुरं झालं की दोन्हीकडची झाडं मुळासकट उपटायची, भट्टीत वाळवायची आणि तराजूवर ठेवायची. दर वेळी आत्यांचाच घेवडा भारी. पहाटे चिमट्यात मात्र दोघं उन्नीस-बीस यायचे, पण आत्या म्हणायच्या, "चिमटा क्षणाचं सांगतो, तराजू जन्माचं."

आणि मग ते उद्घाटन आलं.

संस्थेने नवं दालन बांधलं होतं. त्यात कुंड्या पट्ट्यावर बसून विमानतळावरच्या बॅगांसारख्या फिरायच्या आणि कॅमेरे त्यांची वाढ मोजायचे. कुणी मोठे पाहुणे येणार होते. बायको आणि मी 'शास्त्रज्ञांचे कुटुंबीय' म्हणून मागच्या रांगेत होतो. फीत कापून झाली, आणि संचालकांना एकदम सुचलं की पाहुण्यांना आत्यांची खोलीही दाखवावी. दारावर आत्यांच्या अक्षरात ठळक लिहिलेलं होतं: एका वेळी एकच माणूस, तोही गप्प. ते वाचून संचालक हसले, पाहुणे हसले, आणि सगळी वरात आत घुसली. पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, फोटोवाले, हार धरून उभा असलेला एक जण, आणि ढकलाढकलीत मीही. उभं राहायला जागा नाही, आणि सगळे एकाच वेळी बोलतायत.

घेवड्याच्या पानाला चिमटा लावलेला होता. पडद्यावरचा आकडा हलला. मग चढला. मग भराभर चढत गेला.

"पाहा!" संचालक हात उंचावून म्हणाले. "पाहुण्यांच्या आगमनाने झाडंसुद्धा आनंदली! नेहमीच्या दीडपट! हाच तो आमचा चमत्कारी घेवडा!"

टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या आठवल्या की आजही हाताला काहीतरी फेकायला लागतं. तिथे टाळ्या वाजवणाऱ्यांत निदान निम्मे असे होते की ज्यांना तो आकडा का चढला हे पक्कं माहीत होतं. शिकले होते, शिकवत होते, त्यावर पगार घेत होते. आणि वाजवत होते.

"अहो, चमत्कार कसला?" कोपऱ्यातून आत्यांचा आवाज फुटला. "तो तुमचा उच्छ्वास खातोय! तुमचा, त्यांचा, त्या हारवाल्याचा! तो आकडा खोटा आहे! बाहेर व्हा! सगळे बाहेर व्हा!"

पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आत्या ओरडत राहिल्या, दालनापर्यंत मागे गेल्या, गाडीपर्यंत गेल्या, आणि गाडीचं दार बंद होता होता त्यांचा आवाज उसाच्या चरकातलं कांडं संपल्यावर येतो तसा खरखरला आणि बंद पडला. अगदी बंद.

डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, दोन-अडीच महिने तोंडातून ब्र नाही, आणि संस्थेत तर पाऊलही नाही. आत्यांनी घरी पाटी आणली. पाटीवर रागावणं ही एक वेगळीच विद्या आहे. अर्ध्या वाक्यात खडू मोडायचा, मग त्या खडूवर रागवायच्या, आणि तेही लिहूनच. इकडे संचालकांनी तो दीडपट आकडा माहितीपत्रकात छापूनही टाकला. मी ते पत्रक त्यांना दाखवलं तेव्हा आत्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला. तो मी इथे लिहीत नाही. यजमानांनी वाचला आणि त्यांना प्रथमच आपला कान अधू असून उपयोग नाही हे कळलं.

दरम्यान दोन्ही खोल्या मौनीबाबांच्या हाती. एक अख्खं पीक त्यांनी काढलं. आत्यांनी पाटीवरून बजावलं होतं: नेमकं नेहमीसारखं, काही कमी नाही, काही जास्त नाही. त्यांना खात्री होती की या पिकाचं खरं वजन संचालकांच्या खोट्या आकड्याच्या तोंडावर मारता येईल. दीडपट नसेल, पण चांगलं सव्वापट तरी.

वजनाच्या दिवशी आत्यांना बोलायची परवानगी मिळाली होती, पण हळू. माझी बायको औषधाची बाटली घेऊन, मी बायकोला घेऊन, असे आम्ही बरोबर गेलो. वाळलेली झाडं आत्यांच्या खोलीतल्या तराजूवर चढली. साधा घेवडा. मग आत्यांचा घेवडा. आकडे सारखे. म्हणजे अगदी सारखे. एखाद्या पानाचाही फरक म्हणाल तर नाही.

आत्यांनी पुन्हा केलं. तराजू पुसला. पुन्हा केलं. मग मौनीबाबांकडे वळल्या.

"पाणी घातलं नाहीस!"

"घातलं, बाई."

"दिवे वेळेवर लावले नाहीस!"

"लावले. दार लावलं. सगळं केलं. तुमच्या आणि माझ्या, दोन्ही खोल्यांत सारखं केलं. देवाशपथ!" मौनीबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या घेवड्याचं वाईट कशाला करू मी? मी काय वैरी आहे त्याचा?"

"जाऊ दे ना, आत्या," माझी बायको त्यांना बिचाऱ्यांना सोडवायला म्हणाली. "तुझ्या शिव्या ऐकल्याशिवाय घेवड्याला जेवणच जात नसेल!"

ती हसली, मी हसलो. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बुजवलेल्या झरोक्याकडे, एकदा आपल्या टेबलाकडे. आणि म्हणाल्या, "बाहेर व्हा. यंत्र इथेच राहू दे."

जाड दाराला एक टीचभर काच होती. त्यातून आम्ही तिघं आळीपाळीने बघत होतो. आत्यांनी यंत्राचा चिमटा पानाला न लावता हवेत मोकळा सोडला, म्हणजे खोलीतली हवा मोजली जाईल. मग टेबलाशी बसल्या, आणि नेहमीसारख्या घेवड्याला, म्हणजे पुढच्या पिकाच्या रोपांना, बोलू लागल्या. घसा अर्धामुर्धा, तरीही. शब्द ऐकू येत नव्हते, पण हातवारे ओळखीचे होते. पडद्यावरचा आकडा चढत होता. उद्घाटनासारखा भराभर नाही. सावकाश, इमाने इतबारे, रोज चढत आला असेल तसा. आत्या त्याच्याकडे बघत बोलत होत्या. मग बोलायच्या थांबल्या आणि नुसत्याच बसून राहिल्या. आकडा तरीही चढतच राहिला, कारण श्वास चालूच होता.

बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा पाहून मी आपोआप श्वास धरला.

"झरोका मी बुजवला," त्या म्हणाल्या. "घेवडा मी हलवला. तिकडचा साधा घेवडा बंद खोलीत अर्धपोटी, आणि इकडे हा माझ्या तोंडची हवा खाऊन फुगलेला. सगळ्या जगाचा श्वास मोजला मी. स्वतःचा सोडून."

"आत्या, हळू बोल," बायको म्हणाली.

"का हळू? आता कोणाचं वजन वाढणार आहे?"

आणि मग त्या घेवड्यावर रागावल्या. दार उघडं टाकून, बोळात उभ्या राहून. तसा राग मी ना संचालकांवर पाहिला होता, ना वीजवाल्यांवर. "इतकी वर्षं! एकदा तरी स्वतःच्या जोरावर वाढायचं होतंस, मेल्या!" मौनीबाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

संचालकांकडे जायला त्यांनी दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहिली नाही. मी बरोबर होतो, म्हणून हे कानांनी ऐकलेलं सांगतो.

"बाई, तुम्ही थकलात," संचालक गोड आवाजात म्हणाले. "एका पिकाचं काय घेऊन बसलात? आधीची सगळी वजनं आहेत ना? शिवाय उद्घाटनाचा आकडा आहे. दोन्ही एकमेकांना पुष्टी देतात."

"देणारच! दोन्ही एकाच चुकीची पोरं आहेत!"

"तुमच्या खोल्या या घेवड्यावर उभ्या आहेत, विसरू नका. तुमच्या नोकरीची मुदतवाढही मी वर पाठवलीय. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की!"

"जावईबापू, तुम्ही तरी समजवा," संचालक माझ्याकडे वळले.

"तुमच्या गाडीचं इंजिन अजून चालू आहे," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही, इतका मी संतापलो होतो. हा माणूस चोर असता तर मला इतका राग आला नसता. चोराला निदान आपण काय उचललं ते माहीत असतं. याला खरंच वाटत होतं की तो आत्यांचं भलं करतोय.

वार्षिक सभेत आत्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. झरोका, डबा, टेबल, बडबड, काही गाळलं नाही. सांगतानाही रागावलेल्याच होत्या. माफी मागणाऱ्या माणसाचा सूर त्यांना कधी लागलाच नाही. आणि सभा हसली. आधी एक जण, मग रांग, मग सगळं सभागृह. कुणीतरी मागून ओरडलं, "भोंग्याचं खत!" आणि हशा दुप्पट झाला. ज्या हातांनी पाहुण्यांच्या उच्छ्वासाला टाळ्या दिल्या होत्या तेच हात आता मांडीवर आपटत होते. खोट्यावर कुणी हसलं नव्हतं. एका बाईने आपलं खोटं ठरलेलं खरं स्वतःच्या हाताने मोडून टेबलावर ठेवलं, त्यावर हसले. मी विनोदावर पोट भरणारा माणूस आहे, हशा म्हणजे माझी मिळकत. पण त्या दिवशी मला त्या सभागृहाचं दार लावून घ्यावंसं वाटलं, आणि झरोके बुजवून टाकावेसे वाटले.

आत्या हशा संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "झालं? पुढचा मुद्दा. साध्या घेवड्याची वजनंही रद्द समजा, त्याच्यावरही अन्याय झालाय," आणि खाली बसल्या.

मुदतवाढ नामंजूर झाली. घेवडा बाजारात आला नाही. आत्या त्या वर्षाअखेर निवृत्त झाल्या, आणि त्या दोन खोल्यांत आता संस्थेच्या जादा खुर्च्या ठेवतात.